तीन पिढ्यांची वाट : गंगामूळ ते वाँटेज

आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांत अलीकडे एक नवा प्रघात पडला आहे. मुलगा किंवा सून नोकरीनिमित्त इंग्लंडला असते. उन्हाळ्यात आजी-आजोबांना तिकडे बोलावले जाते आणि मग तीन पिढ्या एका मोटारीत बसून तेथील खेडी, टेकड्या, समुद्रकिनारे पाहून येतात. परतल्यावर छायाचित्रे दाखविली जातात, तिकडच्या हिरव्या कुरणांचे आणि जुन्या दगडी मंदिरांचे वर्णन होते. वैजापूर-गंगापूरच्या खेड्यांतून पोटासाठी शहरात आलेल्या घराण्यांची नातवंडे आज एवढा पल्ला गाठतात, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु अशा प्रवासात एक पिढी दुसरीला नेमके काय देते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस एका मराठी घराण्याचा इतिहास आठवतो.

१८८३ साली दोन वर्षांच्या मुलीला घेऊन एक तरुण विधवा मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला निघाली. ती विधवा म्हणजे पंडिता रमाबाई आणि ती मुलगी म्हणजे मनोरमा. मात्र या मायलेकींचा प्रवास मुंबईच्या बंदरापासून मोजून चालत नाही. त्याचा आरंभ त्यांच्या आधीच्या पिढीच्या पायवाटेवर झाला होता आणि त्या वाटेचे एक टोक आपल्या परिचयाच्या गोदावरीकाठी आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे चित्पावन ब्राह्मण. पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्री चकित झाले आणि आपल्या पत्नीलाही शिकवावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. घरच्यांच्या विरोधामुळे तो निश्चय पहिल्या पत्नीच्या हयातीत तडीस गेला नाही. पुढे ती वारली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तीर्थयात्रेत असताना, गोदावरीकाठच्या एका गावी, त्यांची गाठ अशाच यात्रेस निघालेल्या एका कुटुंबाशी पडली. त्या गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली आणि दुसऱ्याच दिवशी विवाह होऊन ती बालिका शेकडो मैल दूर, अनोळखी मुलखात निघून गेली. हीच रमाबाईंची आई लक्ष्मीबाई. आपल्या जिल्ह्यात पैठणच्या घाटावर उभे राहिले म्हणजे याच गोदावरीचे पाणी समोरून वाहताना दिसते. अशा किती बालिका तिच्या काठावरून परक्या हाती गेल्या असतील, याची गणती कोणी ठेवली नाही. त्यांच्यातील एक सुदैवाने चांगल्या हाती पडली, एवढेच येथे नोंदवावयाचे.

पत्नीला शिकवू लागताच नातेवाइकांचा व समाजाचा रोष ओढवला. शास्त्रीबोवांना उडुपीस पंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. अखेरीस ते सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे, राहावयास गेले. पहिली रात्र उघड्यावर काढावी लागली. दरीपलीकडून वाघाची डरकाळी येत होती, भयाने कापणारी ती मुलगी पासोडी लपेटून जमिनीवर पडली होती आणि पती रात्रभर जागून पहारा देत होता. त्याच रानात घर उभे राहिले, विद्यार्थी जमले आणि लक्ष्मीबाई संस्कृतात निष्णात झाल्या. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

परंतु विद्यार्थ्यांच्या व यात्रेकरूंच्या पाहुणचारात होते नव्हते ते संपून गेले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने बिऱ्हाड मोडले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून एका माणसाच्या डोक्यावर दिले आणि सगळी मंडळी चालू लागली. त्यांचे हे चालणे पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबले नाही. देवळात किंवा झाडाखाली पुराण सांगावे, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या तीर्थाचा रस्ता धरावा, असा त्यांचा क्रम होता. शाळा नाही, पाटी नाही. पहाटे, पाखरे जागी होण्याच्या सुमारास, आई मुलीला मायेने उठवी आणि पाठ देई. वयाच्या बाराव्या वर्षी रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते. आजीआजोबांचे घर या मुलीला लाभले नाही. तिच्या वाट्याला आली ती आईची वाणी, आणि हेच तिचे माहेर ठरले.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात या कुटुंबाजवळचे धान्य संपले, भांडी विकून झाली. भिक्षा मागण्याची लाज आणि मजुरीची सवय नाही, अशा अवस्थेत त्यांनी रानात अकरा दिवस झाडपाला, पाणी व रानखजूर यांवर काढले. वडील वारले, थोड्याच काळात आई व थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः भार घेतला. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उत्तरेकडे चालत राहिली. झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ नये म्हणून त्यांनी वाळूत खड्डे करून स्वतःला मानेपर्यंत पुरून घेतले. हजारो मैलांच्या या पायपिटीत बालविधवांची दैना त्यांनी दारोदारी पाहिली आणि तीर्थांवरची श्रद्धा हळूहळू झिजत गेली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली आणि पुढील फेब्रुवारीत पटकीने पती गेले. मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना त्यांनी केली आणि त्याच सुमारास इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकण्याचा बेत ठरला.

इंग्लंडमधील त्यांचे घर म्हणजे वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाचा मठ. हा संघ १८४८ साली स्थापन झाला होता आणि त्याच्या काही भगिनी पुण्यात काम करीत होत्या. वाँटेज हे खडूच्या बोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले लहानसे बाजाराचे गाव आहे. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती असून १८७७ साली चौकात बसविलेला त्याचा पुतळा आजही उभा आहे. मुख्य लोहमार्ग गावापासून दूर होता आणि स्थानकापासून गावापर्यंत वाफेवर चालणारी ट्राम होती. टेकड्यांच्या माथ्यावरून रिजवे नावाची प्राचीन पायवाट जाते आणि तिच्याच बाजूला, अफिंग्टन येथे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी डोंगरउतारावर खडूच्या पांढऱ्या रेषांनी कोरलेला प्रचंड घोडा दिसतो. जन्मभर पायवाटा तुडविलेल्या स्त्रीला विसावा मिळाला तोही अशा वाटेच्या पायथ्याशी. आपल्यापैकी कोणी मोटारीने ऑक्सफर्डकडे जात असेल तर त्याने थोडी वाट वाकडी करून हे गाव अवश्य पाहावे.

विसावा मात्र निर्वेध नव्हता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचे मन परदेशात ढळले आणि वाँटेज येथेच त्यांनी आत्मघात केला. हा आघात रमाबाईंना असह्य झाला होता. ऑक्सफर्डला पंडित मॅक्समुल्लर यांच्या घरी त्यांना काही दिवस आधार मिळाला. अशा काळोखातच २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा स्नानसंस्कार झाला. तो का झाला, याचे कारण रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. लंडनच्या फुलहॅम भागात त्या भगिनींनी वाममार्गी लागलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना असा हात देणारे कोणी त्यांना मायदेशी दिसले नव्हते. ही करुणा कोठून येते, असे विचारता त्यांच्यापुढे योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय ठेवण्यात आला. वाटेवर दमून विहिरीपाशी बसलेला प्रभू आणि पाणी भरावयास आलेली शोमरोनी स्त्री! वाटेवरच वाढलेल्या स्त्रीला प्रभू वाटेवरच भेटला, यात नवल ते कोणते?

१८८४ च्या सुमारास रमाबाई कॉट्सवोल्ड डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. कानांच्या दोषामुळे वैद्यकाचा बेत सुटला होता. प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना मुलीसारखे वागविले. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा भारतातील दोन अँग्लिकन महागुरूंनी हरकत घेतली. रमाबाईंना याचे आश्चर्य वाटले. माझ्या वडिलांनी किंवा पतीने जे कधी अनुचित मानले नाही, ते येथे अनुचित कसे, असा त्यांचा सवाल होता. गंगामूळच्या रानातील शाळा त्यांच्यामागे चेल्टनमपर्यंत आली होती, ती अशी.

वाँटेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना दोन प्रामाणिक मनांचा झगडा दिसतो. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडेही वर्ज्य मानीत. भगिनींना त्यात जातीचा अभिमान दिसे. क्रुसावरील शब्द लॅटिन असावेत की संस्कृत, यावरही वाद झाला. माझ्या देशबांधवांना जी भाषा कळत नाही ती आपल्या संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, हे रमाबाईंचे म्हणणे होते. त्यांची सर्वच मते आपल्या ख्रिस्तसभेच्या श्रद्धेशी जुळणारी नव्हती. त्रैक्याविषयीच्या त्यांच्या त्या काळातील शंका सिस्टर जेराल्डिन यांच्याप्रमाणेच आम्हांसही मान्य होण्याजोग्या नाहीत. परंतु भाषेच्या प्रश्नाबाबत विचार करावा लागतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेत लोकभाषांना दार उघडले ते १९६३ च्या डिसेंबरात. आज आपण मराठीत मिस्सा अर्पितो. एका मराठी स्त्रीने सुमारे ऐंशी वर्षे आधी, परमुलखात एकटीने, तोच प्रश्न विचारला होता.

सर्वांत नाजूक वाद होता तो मनोरमेचा. आई चेल्टनमला शिकत असताना तिचा सांभाळ वाँटेजच्या भगिनी करीत. त्यांनी तिला जीव लावला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जिला आपण वाढवतो तिच्या श्रद्धेची घडणही आपल्या हातून व्हावी, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु मुलीला काय शिकवावे व कोणी शिकवावे याचा अधिकार आपला आहे, आणि ती भारतात भारतीय म्हणून जगावयाची आहे, यावर रमाबाई ठाम राहिल्या. एका धर्माधिकाऱ्यांच्या जोखडातून सुटून दुसऱ्यांच्या जोखडात मान देण्यास त्या तयार नव्हत्या. तरीही उपकारांचे स्मरण त्यांनी सोडले नाही आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी नातेही तोडले नाही. मतभेद आणि माया एकाच पत्रात कशी नांदतात, हे पाहावयाचे असेल तर ती पत्रे वाचावीत.

१८८६ च्या प्रारंभी लिव्हरपूलच्या बंदरातून रमाबाई मनोरमेसह अमेरिकेस निघाल्या. निमित्त होते फिलाडेल्फियाला डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. तेथून जपान, हाँगकाँगमार्गे १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. त्याच वर्षी ११ मार्च रोजी विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून त्यांनी अनाथ मुली व विधवा गोळा करून आणल्या आणि पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना ठेवले. झाडपाल्यावर अकरा दिवस काढलेल्या मुलीला भुकेचा चेहरा ओळखावा लागत नव्हता, तो तिच्या ओळखीचाच होता. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करणे हे त्यांचे अखेरचे कार्य ठरले. क्रुसावर लॅटिन का, असे विचारणाऱ्या स्त्रीने आपल्या प्रश्नाचे उत्तर आयुष्याच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहिले.

आणि मनोरमा? इंग्लंड-अमेरिकेत शिकूनही ती परतली, आईच्या कार्यात उजवा हात झाली. १९१३ साली तिने गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. तेव्हा गुलबर्गा आणि आपले औरंगाबाद ही दोन्ही निजामाच्या एकाच राज्यातील शहरे. मुलींच्या शिक्षणाची वानवा असलेल्या त्या राज्यात या घराण्याची तिसरी पिढी शिकवावयास आली, ही गोष्ट आपण छत्रपती संभाजीनगरकरांनी विसरू नये. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा आईआधी गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. वाट तेथे संपली.

या घराण्यात घर, शेत, दागिना असे एका पिढीकडून दुसरीकडे काहीच गेले नाही. गेली ती पहाटेची संथा, स्वतःच्या विवेकाला जागण्याची सवय आणि वाटेवर पडलेल्याला ओलांडून न जाण्याचे शिक्षण. पवित्र कुटुंबही यरुशलेमच्या वाटेवर आप्तस्वकीयांसह चालत होते. एक दिवसाची वाट गेल्यावर बाळ सोबत नाही, हे मरिया व योसेफ यांच्या ध्यानात आले आणि ते मागे फिरले. आपलीही मुले आज दूरच्या देशी आहेत. त्यांच्याबरोबर कुरणे आणि किनारे जरूर पाहावेत. परंतु नातवंडांना ‘आमच्या बापा’ मराठीत म्हणता येते की नाही, पणजोबा कोणत्या दुष्काळात कोणत्या खेड्यातून निघाले हे त्यांना ठाऊक आहे की नाही, याचीही विचारपूस त्या मोटारीतच करावी. एवढा लांबचा रस्ता असतो, बोलावयास वेळ पुष्कळ मिळतो.