द बॉयनचे करार : वेतनाचा आकडा आणि वेतनाचा उगम

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदी दरबारांनी जे युरोपीय सेनानी चाकरीस ठेवले, त्यांच्या वेतनाचे आकडे इतिहासग्रंथांतून वारंवार आढळतात. ते पाहून हे दरबार परकीयांवर द्रव्याची उधळण करीत होते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु आकडा हा कराराचा केवळ एक अंश होय. ते द्रव्य कोठून यावयाचे, कोणाच्या हाताने वाटले जावयाचे आणि चाकरी सोडण्याचे स्वातंत्र्य कोणास किती, हे प्रश्न त्याहून अधिक मोलाचे आहेत. महादजी शिंदे आणि बेन्वा द बॉयन यांच्यात १७८४ व १७९० मध्ये झालेल्या दोन करारांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

त्या काळी लष्करी चाकरीतील खरी चिंता पगार कमी असण्याची नसून तो थकण्याची होती. शिलेदार स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येई. महिनोन्‌महिने तनखा न मिळाल्यास तो सावकाराचा ऋणको बने, आणि अखेरीस सरदाराच्या दारी धरणे धरून बसे. कवायती पायदळाचा प्रश्न तर याहून बिकट होता. गावी वतन वा शेती राखून मोहिमेपुरते येणारे हे लोक नव्हते. बारमाही कवायत करावयाची तर बारमाही रोख पगार हवा. सरंजामी व्यवस्थेत नेमकी हीच गोष्ट दुर्मिळ होती.

द बॉयन हा १७५१ मध्ये सॅव्हॉय प्रांतात जन्मलेला शिपाईगडी. फ्रेंच व रशियन सैन्यांत आणि नंतर कंपनीच्या मद्रास फौजेत चाकरी करून तो उत्तर हिंदुस्थानात आला. महादजींनी ग्वाल्हेरास वेढा घातला असता त्याने गोहदच्या राण्यापुढे पलटणी उभारण्याची योजना मांडली आणि त्यासाठी एक लक्ष रुपये आगाऊ मागितले. अनोळखी परदेशीयाच्या हाती एवढी रक्कम देण्यास राणा धजला नाही. जयपुरात त्याचे बोलणे दरमहा दोन हजारांवर ठरत आले होते. परंतु वॉरन हेस्टिंग्जने त्यास कलकत्त्यास बोलावून घेतले. तो परतला तेव्हा राजाचे मन पालटले होते. दहा हजार रुपये देऊन त्याची बोळवण करण्यात आली.

अशा स्थितीत १७८४ मध्ये महादजींशी झालेला पहिला करार स्वाभाविकच माफक होता. ८५० शिपायांची एक, अशा दोन पलटणी उभाराव्यात; द बॉयनला दरमहा एक हजार रुपये आणि माणशी सरसकट आठ रुपये मिळावेत, असे ठरले. शिपायाचा पगार त्याने साडेपाच रुपये ठेवला. सर्व १,७०० माणसांचा हिशेब याच दराने धरल्यास दरमहा सव्वाचार हजारांच्या आसपास शिल्लक राहते. तीतून अंमलदारांचे वाढीव पगार भागवावयाचे होते. म्हणजे सेनानी येथे काही अंशी मक्तेदारही होता. परंतु द्रव्याचा ओघ सर्वस्वी महादजींच्या खजिन्यातून येत होता, आणि तो खजिना नेहमीच ओढगस्तीत असे.

या व्यवस्थेतील धोका १७८७ च्या लालसोटच्या लढाईत उघड झाला. पगार थकलेल्या बादशाही पलटणी महादजींची बाजू सोडून शत्रूस जाऊन मिळाल्या. १७८८ मध्ये आग्र्यापाशी विजय मिळाल्यावर द बॉयनने आपले दळ मोठ्या प्रमाणावर वाढवावे अशी मागणी केली. महादजींनी ती मानली नाही, तेव्हा त्याने चाकरी सोडली आणि लखनौस जाऊन व्यापार आरंभिला. त्यात त्यास चांगले यश आले. दुसऱ्या कराराचे मर्म येथेच आहे. १७८४ मध्ये चाकरीची गरज त्याला होती. १७९० मध्ये बोलावणे महादजींचे होते, आणि त्यास नकार देण्याइतका तो स्वयंपूर्ण झाला होता.

१७९० मध्ये त्याचे वेतन चार हजार ठरले व पुढे दहा हजारांपर्यंत गेले. तथापि खरा पालट निराळाच होता. फौजेच्या खर्चासाठी दुआबातील परगणे त्यास जायदाद म्हणून लावून देण्यात आले. कालांतराने त्यांचे उत्पन्न २२ लक्षांपर्यंत गेले. निव्वळ वसुलावर शेकडा दोन रुपये त्याचे स्वतःचे होते. २२ लक्षांवर ही रक्कम वर्षास ४४,००० होते. चार हजारांच्या मूळ वेतनाचे वर्षास ४८,००० होतात. केवळ वसुलावरील हक्कातून जवळपास दुसरे वेतन निर्माण होत होते. इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरावे लागू नये, ही त्याची अटही चरित्रकार नमूद करतात.

जायदाद हे सरंजामाचेच एक रूप होते. त्यात परकीय असे काही नव्हते. नवे होते ते त्यातून दरमहा रोख पगार चुकविण्याची शिस्त. तिचे फळ त्याच वर्षी पाटण व मेडता येथील विजयांत दिसले. महादजींनी आपले द्रव्य वाया घालविले असे म्हणता येत नाही. त्यांनी नियमितपणा विकत घेतला.

मात्र त्याची किंमत वेतनाच्या रकान्यात दिसत नाही. शिपायाच्या दृष्टीने पगार देणारा हात आता सेनानीचा झाला. महादजी १७९४ मध्ये निवर्तले, १७९६ मध्ये द बॉयन हिंदुस्थान सोडून गेला, आणि जायदाद व फौज दोन्ही पेराँच्या हाती आली. १८०३ च्या युद्धात कंपनीने जाहीरनामा काढून, शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अंमलदारांस निर्वाहाचे आश्वासन दिले. अनेकांनी ते स्वीकारले. सप्टेंबरात अलीगड पडले, आणि स्वतः पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. शिपाई मात्र लासवारीच्या रणांगणावर शर्थीने लढले. ज्यांच्या अटी सर्वांत काळजीपूर्वक ठरविल्या होत्या, त्यांतील बहुतेक त्या दिवशी तेथे नव्हते.

पराभवाची कारणे अनेक होती. एका करारावर त्यांचा भार टाकणे अनैतिहासिक होईल. परंतु या उदाहरणावरून एवढे निश्चित म्हणता येते, की वेतनाच्या वाटाघाटीत धनी बहुधा आकड्याकडे पाहतो आणि जाणता चाकर उगमाकडे. दफ्तरांतील वेतनपत्रके तपासताना अभ्यासकाने त्या चाकराची दृष्टी घेतली पाहिजे.