मावशींची पडताळणी कोणाच्या खर्चाने?

मागच्या महिन्यात जयगडला आजीसाठी चोवीस तासांची बाई शोधत होतो. ब्यूरोवाल्याला विचारलं, "पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का?" तो म्हणाला, "हवं तर तुम्ही करून घ्या, खर्च तुमचा." आजीचा प्रश्न वेगळाच. "आधी तिचं माहेर कुठलं ते विचार!"

आजी तिच्या काळाप्रमाणे बरोबर होती. चाकरमानी बोटीने मुंबईला जायचे आणि मागच्या म्हाताऱ्यांना भावकी सांभाळायची. खात्री म्हणजे गाव, घराणं आणि अर्थात जात. फुकटची पडताळणी! पण तिची उलटी बाजू भयंकर आहे. इंग्रजांनी १८७१ साली याच तर्काने कायदा केला की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. दरम्यान १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. निदान तत्त्वतः तरी 'कोणाचा?' सोडून 'याने काय केलं?' हे विचारणं शक्य झालं.

पण विचारलं कोणाबद्दल? २००५ च्या कायद्याने खाजगी एजन्सीच्या सुरक्षारक्षकाची चारित्र्य पडताळणी सक्तीची केली. २००६ साली आम्हा आयटीवाल्यांसाठी नॅसकॉमने बोटांच्या ठशांसकट नोंदणी सुरू केली. ज्येष्ठांसाठीचा कायदा २००७ चा. त्याच्या केंद्रीय नमुना नियमांत घरी काम करणाऱ्यांची पडताळणी आहे, पण ज्येष्ठाने विनंती केली तर! अंथरुणाला खिळलेली आजी विनंती कशी करणार? म्हणजे माझ्या हातात क्लायंटचा कोड, म्हणून मला तपासलं. मावशींच्या हातात आख्खी आजी, तिथे मात्र 'हवं तर'.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याने दीर्घकालीन शुश्रूषा करणाऱ्यांच्या तपासणीसाठी योजना आणली. राज्याने एक डॉलर घातला की केंद्र तीन घालणार, ठरावीक मर्यादेपर्यंत. मुद्दा रकमेचा नाही. ही सार्वजनिक सुरक्षितता आहे, तेव्हा खर्चही सार्वजनिक, हे तिथे मान्य झालं. आपल्याकडे निदान कमिशन खाणाऱ्या ब्यूरोने तरी तो करावा. मावशींच्या पहिल्या पगारातून तर नकोच.

असो. खर्च मीच केला. पोलीस ठाण्यातून परतताना मावशी म्हणाल्या, "दादा, माझं तपासलंत ते बरं केलंत. पण रात्री परक्या घरात राहायचं मला. तुमच्या घरात कोण कसं आहे, ते मला कोण सांगणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि कुठल्या कायद्यातही मला सापडलं नाही.