हार्टलपूलच्या गोदीतले मुंबईचे जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे एक बंदर आहे. तेथील जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांचे एक लाकडी लढाऊ जहाज पाण्यावर उभे असते. त्याच्या नाळेवर एका पागोटेधारी पुरुषाची रंगवलेली मूर्ती आहे. नाव आहे 'एचएमएस त्रिंकोमाली'. ब्रिटनमधील आजही तरंगत असलेल्या युद्धनौकांत हे सर्वांत जुने मानले जाते. नेल्सनचे 'व्हिक्टरी' याहून जुने आहे, पण ते पोर्टस्मथच्या सुक्या गोदीत आहे.

ब्रिटनचा हा वारसा बांधला गेला मुंबईत. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी त्याचे जलावतरण झाले आणि त्यानंतर अवघ्या २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीच्या माळावर पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई जुंपली. मराठी सत्तेचा शेवट आणि या जहाजाचा जन्म एकाच शरद ऋतूतले आहेत.

मुळात इंग्रजांना आपले जहाज मुंबईत का बांधावेसे वाटले? नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांनी इंग्लंडमधील ओकची चणचण भासू लागली होती. मुंबईत मलबारचा साग येत होता आणि तो हाताळणारे कसबी हातही होते. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील नैसर्गिक तेल त्यांचे उलट रक्षण करते. वाळवी आणि कुजण्यालाही साग सहजी दाद देत नाही.

हे कसब वाडिया घराण्याचे. लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईत आले, आणि पुढे दीडशे वर्षे या घराण्याच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. 'त्रिंकोमाली' बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया त्या परंपरेतले बहुधा सर्वांत कीर्तिमान नाव. १८१० मध्ये त्यांनी 'मिंडेन' हे मोठे युद्धजहाज पूर्ण केले होते. ज्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली, तेही त्यांच्याच हातचे, १८१३ चे. साम्राज्याची हत्यारे मुंबईत घडत होती, हे अभिमानाच्या भरात विसरता येणार नाही.

'त्रिंकोमाली'चा आराखडाही मजेशीर आहे. इंग्रजांनी १७८२ साली 'एबे' नावाचे एक फ्रेंच फ्रिगेट पकडले. त्याची रचना त्यांना इतकी आवडली की तिच्यावरून त्यांनी 'लेडा' वर्गाची डझनावारी जहाजे बांधली. 'त्रिंकोमाली' त्यांपैकीच एक, ३८ तोफांच्या वर्गातले. म्हणजे बांधणी फ्रेंच, मागणी इंग्रज, लाकूड मलबारचे, मुख्य कारागीर पारशी आणि नाव श्रीलंकेतल्या बंदराचे!

जहाजाची मागणी १८१२ साली नोंदवली गेली आणि नकाशे 'जावा' या युद्धनौकेतून मुंबईकडे निघाले. ते पोहोचले नाहीत. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी जहाजाने 'जावा'चा पराभव करून ते नष्ट केले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. त्याच 'जावा'वर मुंबईला निघालेला एक प्रवासी होता: जनरल थॉमस हिस्लॉप. तो कैदी झाला, पुढे सुटला, हिंदुस्थानात आला, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणात होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचा सेनापती म्हणून उभा राहिला. मराठ्यांचा इतिहास वाचताना अटलांटिकमधील ही चकमक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'कॉन्स्टिट्यूशन' मात्र आजही बॉस्टनला पाहता येते.

जहाजाचा तळाचा कणा १८१६ मध्ये बसवला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. जहाजाच्या कल्याणासाठी तो आवश्यक मानला जाई. वाडियांचे नाव इतिहासात राहिले, पण फळ्या तासणाऱ्या आणि सांधे भरणाऱ्या शेकडो हातांची नावे ओळखीची झाली नाहीत.

एवढ्या खटाटोपाने बांधलेले हे जहाज १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचले, तोवर युद्ध संपून चार वर्षे झाली होती. कामच उरले नव्हते. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून त्याला सुमारे २५ वर्षे राखीव म्हणून बांधून ठेवले. १८४५ नंतर दुरुस्ती झाली, तोफा २६ वर आल्या आणि ते प्रथम उत्तर अमेरिका व वेस्ट इंडिजच्या, नंतर प्रशांत महासागराच्या गस्तीवर गेले. नाव गाजावे अशी एकही मोठी लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. १८६० नंतर ते राखीव नौसैनिकांचे प्रशिक्षण-जहाज झाले आणि त्याच काळात काही वर्षे हार्टलपूललाच होते.

१८९७ मध्ये ते मोडीत काढण्यासाठी विकले गेले. त्याच वर्षी जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थाचे 'फूद्रोयां' हे जुने जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात सापडून फुटले. त्यावर तो मुलांना समुद्री शिक्षण देत असे. त्याला दुसरे जहाज हवे होते. त्याने भंगाराच्या वाटेवरचे 'त्रिंकोमाली' विकत घेतले आणि जुन्याच जहाजाचे नाव त्याला दिले. मुंबईचे हे जहाज पुढे जवळजवळ नव्वद वर्षे 'फूद्रोयां' म्हणून जगले. १९८६ पर्यंत मुले त्यावर दोर ओढायला आणि नाव वल्हवायला शिकत राहिली.

पुढचा योगायोग गोदीकामगारांचा. हार्टलपूलचा जहाजबांधणी उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडाला होता. तेथे 'वॉरियर' या १८६० च्या लोखंडी युद्धनौकेचे पुनरुज्जीवन झाले आणि १९८७ मध्ये ती पोर्टस्मथला गेली. जुन्या जहाजांचे काम शिकलेली माणसे मात्र गावातच होती. त्याच वर्षी 'फूद्रोयां' तिथे आणले गेले. १९९० च्या सुमारास सुरू झालेले काम २००१ मध्ये संपले. मधल्या काळात, १९९२ मध्ये, त्याला मूळ नाव परत मिळाले. इतकी वर्षे उलटूनही सांगाड्यातला बराचसा साग मुंबईत बसवलेलाच निघाला. भोवती अठराव्या शतकातील बंदराचा देखावा उभारून संग्रहालय झाले. आज ते ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयाचा भाग आहे.

तेथे जाणाऱ्याने कप्तानाची ऐसपैस खोली पाहावीच, पण जास्त वेळ खालच्या मजल्यावर द्यावा. छत इतके खाली की वाकून चालावे लागते. खलाशी तेथेच जेवत आणि तेथेच झोळ्या टांगून झोपत. खाली कोठारात उतरले की जहाजाच्या बरगड्या जवळून दिसतात. मुंबईच्या सुतारांचे काम पाहायचे ते तेथे.

सागाचे कौतुक करताना एक गोष्ट नोंदवायला हवी. याच 'लेडा' वर्गातले, पण इंग्लंडात ओकने बांधलेले १८२४ चे 'युनिकॉर्न' स्कॉटलंडमधील डंडी येथे अजून तरंगते आहे. त्याच्यावर आरंभीच छप्पर घातले गेले आणि ते कधी युद्धावर गेलेच नाही. टिकण्यामागे लाकडाचा गुण असतो, तसाच जहाजाला सतत कुणीतरी धनी आणि काहीतरी काम मिळत राहण्याचाही असतो. 'त्रिंकोमाली'ला कधी नौदल, कधी कॉब, कधी हार्टलपूलचे कारागीर असे धनी मिळत गेले.

आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजांना असे धनी मिळाले नाहीत. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले; पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होते. पाहायला जावे असे मराठ्यांचे एकही गुराब वा गलबत आज उभे नाही.

ही फार जुनी गोष्ट झाली. 'आयएनएस विक्रांत'ची तशी नाही. १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात जिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले ती ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत तिचे संग्रहालय होते. शाळांच्या सहली तिथे जात. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद झाले. कायमचा खर्च उचलणारा कोणी पुढे आला नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौका वाचवण्याची याचिका फेटाळली, आणि नोव्हेंबरात मुंबईतच ती तोडायला घेतली. पोलादाची सुमारे २१३ मीटर लांबीची नौका खाऱ्या पाण्यात राखणे लाकडी फ्रिगेट राखण्याहून कितीतरी अवघड आणि महागडे, हे मान्यच करायला हवे. तरीही जिने युद्ध पाहिले ती गेली, आणि ज्याला नाव घेण्याजोगी लढाई मिळाली नाही ते जहाज दोनशे वर्षे ओलांडून उभे आहे.

'विक्रांत'च्या पोलादातून घडवलेले स्मारक २०१६ पासून मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ आहे. त्याच गोदीच्या आवारात १८१० मध्ये पूर्ण झालेली डंकन गोदी अजून नौदलाच्या वापरात आहे. सामान्य प्रेक्षकाला तिथे प्रवेश नाही.