कुठे आहेस गं?

रविवारची सकाळ आहे, जून महिना. ब्रॅकनेलच्या वेस्टर्न रोडवर तू फुटपाथवर उभी आहेस. इथे साडेदहा वाजलेत, म्हणजे नारायणगावात दुपारचे तीन. आजीचं जेवण, भांडी, थोडीशी डुलकी, सगळं आटोपलं असणार. तिचा फोन आता कधीही येईल. एका खिशात मोबाइल आहे आणि दुसऱ्या खिशात मागच्या सुट्टीत तिने करून दिलेला फोन : दोन रिकाम्या काडेपेट्या, दोन्हींना मधोमध भोक आणि भोकांतून ओवून आत गाठ मारलेला दोरा.

हा रस्ता बघायला कुणी येत नाही. कंपन्यांच्या इमारती, गाड्या लावायच्या जागा आणि थोडं पुढे गेलं की ब्रॅकनेलला असतोच तसा एक राउंडअबाउट. पण एका मोठ्या गोष्टीची मुळं या रस्त्यात आहेत. रेकॅल नावाच्या कंपनीचं मुख्य ऑफिस इथे होतं. रेमंड ब्राउन आणि कॅल्डर कनिंगहॅम या दोघांनी 1950 मध्ये ती काढली. रेमंडमधला 'रे' आणि कॅल्डरमधला 'कॅल' मिळून रेकॅल. ते रेडिओ बनवायचे, मुख्यतः सैन्यासाठी. त्या नावाची कंपनी आता राहिलेली नाही, पण तुझ्या खिशातल्या फोनची गोष्ट तिच्याशी बांधलेली आहे.

काडेपेटी बाहेर काढ. दोऱ्याला एक झटका दे.

अंधार पडला. थंडी इतकी आहे की श्वासाची वाफ दिसते. तू लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये आहेस. तारीख 31 डिसेंबर 1984, आणि समोर बिग बेनच्या घड्याळाचे काटे एकमेकांवर यायला आलेत. लोक गाणी म्हणतायत, मिठ्या मारतायत. बारा वाजले, 1985 लागलं. गर्दीत एक तरुण उभा आहे, मायकेल हॅरिसन. त्याच्याजवळचं यंत्र पाच किलोचं आहे, तांदळाच्या पिशवीएवढं जड. वर रिसीव्हर, खाली बॅटरीचा डबा. एवढा मोठा डबा, पण बोलायला मिळतं जेमतेम अर्धा तास. तो नंबर फिरवतो आणि दूर सरे परगण्यातल्या घरी त्याच्या वडिलांचा फोन वाजतो.

त्याचे वडील म्हणजे सर अर्नेस्ट हॅरिसन, रेकॅलचे प्रमुख. ब्रिटनमध्ये मोबाइलचं जाळं उभारायचा परवाना रेकॅलच्या गटाने 1982 मध्ये मिळवला होता आणि त्यासाठी एक नवी कंपनी काढली होती, व्होडाफोन. घरची नववर्षाची पार्टी अर्धी टाकून मुलगा कुणाला न सांगता लंडनला आला होता, वडिलांना हा फोन करायला. हा ब्रिटनच्या नव्या मोबाइल जाळ्यावरचा पहिला कॉल. त्याच दिवशी पुढे अर्नी वाइज या विनोदी नटाने लंडनच्या सेंट कॅथरीन डॉकवरून न्यूबरीला फोन लावला आणि सगळ्या देशाला हे यंत्र दिसलं. न्यूबरी म्हणजे आपल्याच बर्कशरमधलं गाव. व्होडाफोनचं ऑफिस तेव्हा तिथल्या एका भारतीय हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होतं. फोडणीचा वास त्या इंजिनिअरांपर्यंत पोचत असेलच, मला तरी तसंच वाटतं.

आता त्या पेटीला तार नसताना आवाज गेला कसा? ईस्टहॅम्पस्टेडची पॉइंट रॉयल ही उंच इमारत आठव. ती चौकोनी नाही, षटकोनी आहे. मोबाइलचे इंजिनिअर नकाशावर देशाचे असेच षटकोनी तुकडे पाडतात, मधाच्या पोळ्यासारखे. प्रत्येक तुकड्यात एक टॉवर. तुझा फोन रेडिओच्या लहरींवर जवळच्या टॉवरशी बोलतो आणि तू चालत पुढच्या तुकड्यात गेलीस की पहिला टॉवर तुझं बोलणं दुसऱ्याच्या हाती देतो, मध्ये एक शब्दही न सांडता. लहरी मोजक्या असतात. पण टॉवर लहान तुकड्यापुरताच बोलत असल्यामुळे त्याच लहरी दूरच्या तुकड्यात पुन्हा वापरता येतात, आणि म्हणून लाखो माणसं एकाच वेळी बोलू शकतात. हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर 3 एप्रिल 1973 रोजी केला होता. ते खरं, पण आपल्या भागातली ही रात्र मला जास्त जवळची वाटते, कारण एका मुलाने तो पहिला कॉल आपल्या बाबांसाठी ठेवला.

पुन्हा झटका.

ऊन. लाल माती. हवेत कांद्याचा वास. हे जुन्नर तालुक्यातलं आर्वी, नारायणगावाजवळचं. साल 1971. शेतांच्या पलीकडे पांढरीशुभ्र, आभाळाकडे तोंड केलेली प्रचंड थाळी उभी आहे, सुमारे 30 मीटर रुंद. हे परदेशाशी बोलायचं उपग्रह केंद्र, ज्याला पुढे विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. आजी तेव्हा शाळेत जात होती, तुझ्याएवढीच.

लंडनहून कुणी भारतात बोललं की तो आवाज इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या गूनहिलीच्या थाळीवरून वर जायचा. वर म्हणजे सुमारे 36,000 किलोमीटर. तिथला उपग्रह तो आवाज खाली आर्वीकडे फेकायचा. जाऊन-येऊन 72,000 किलोमीटर. लहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात, तरी त्यांना पाव सेकंद लागतो. उत्तर यायला आणखी पाव. म्हणून परदेशच्या फोनवर दोघं एकदम बोलायला लागायचे, मग दोघं एकदम गप्प व्हायचे. त्याआधी तर उपग्रहाविना, नुसत्या रेडिओच्या लहरींवरच बोलणं चालायचं. पुण्याजवळच्या खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून 1927 पासून विलायतेशी संदेशांची ये-जा होती आणि 1933 मध्ये भारत-ब्रिटन बोलणंही सुरू झालं. त्या लहरी आभाळातल्या एका थराला आपटून परत खाली येत, आणि तो थर दर तासाला बदलायचा. आवाज समुद्राच्या लाटेसारखा जवळ यायचा, लांब जायचा.

पण थाळी गावाजवळ आली म्हणून गावात फोन आला, असं मात्र झालं नाही. चल, गल्लीत येऊन बघ. साऱ्या आळीत एकच काळा फोन आहे, दुकानदाराच्या घरी, वर विणलेला रुमाल घातलेला. तोच सगळ्यांचा पी.पी. नंबर, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनचा. लग्नपत्रिकेवर, अर्जावर, सगळीकडे तोच लिहायचा आणि पुढे कंसात पी.पी. मुंबईहून मामाचा फोन आला की दुकानदाराचा मुलगा गल्लीतून धावत, ओरडत येणार : ''काकू, फोन आलाय! लवकर या!'' काकू हातातलं पीठ पदराला पुसत पळणार. तोवर मामा तिकडे रिसीव्हर धरून उभा आणि मिनिटं चाललेली. त्याने तर तासन्‌तास वाट बघितलेली असायची. आधी ट्रंक कॉल बुक करायचा, मग एक्स्चेंजमधली बाई मुंबई ते पुणे, पुणे ते नारायणगाव अशी एकेक तार जोडत यायची आणि तीन मिनिटं झाली की मध्येच आठवण करून द्यायची. म्हणून सगळे ओरडून बोलायचे आणि कामाचं आधी सांगायचे. ''बाळ झालं, मुलगी, दोघी बऱ्या.'' बस.

बघ, फोन लागायचा तो घराला. माणसापर्यंत पोचायला त्या धावणाऱ्या मुलाचे पाय लागायचे. वेस्टर्न रोडच्या लोकांनी आणि त्यांच्यासारख्या जगभरच्या इंजिनिअरांनी त्या मुलाचं काम टॉवरला दिलं.

एक्स्चेंजमधल्या बाईला बाजूला सारायची खटपट त्याआधीपासून चालू होती. 5 डिसेंबर 1958 ला ब्रिस्टलमध्ये राणी एलिझाबेथने स्वतः तबकडी फिरवून थेट एडिंबराला फोन लावला. भारतात ती सोय, म्हणजे एसटीडी, 1960 मध्ये लखनौ आणि कानपूर या दोन शहरांपासून सुरू झाली. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले. ते तुझ्या आईबाबांना विचार, त्यांच्याकडे त्या बूथच्या खूप गोष्टी असतील.

आता जरा जोरात ओढ.

28 जानेवारी 1882. मुंबई, कलकत्ता, मद्रास या तिन्ही शहरांत टेलिफोन एक्स्चेंज उघडलं. मुंबईत घोड्यांच्या ट्राम, गॅसचे दिवे, आणि डोक्यावरून गेलेल्या नव्या तारांकडे मान वर करून बघणारे लोक. थांबू नकोस, ओढत राहा.

14 जानेवारी 1878. वाइट बेटावरचा ऑस्बोर्नचा राजवाडा. व्हिक्टोरिया राणीसमोर तिशीच्या आतबाहेरचा, काळ्या दाढीचा एक माणूस यंत्र घेऊन उभा आहे, अलेक्झांडर ग्रॅहम बेल. तारेतून गाणं सुरू होतंय, राणीचं लक्ष दुसरीकडे. म्हणून बेलने चक्क तिच्या हाताला हात लावला, असं सांगतात. दरबारी लोकांचे श्वास अडकले असतील. पण बेलची ती सवयच होती. त्याच्या बायकोला ऐकू येत नव्हतं आणि तिचं लक्ष वेधायचं तर हात लावावाच लागे. त्याच्या आईलाही फार कमी ऐकू यायचं. लहानपणी तो तिच्या कपाळाशी तोंड नेऊन खोल, हळू आवाजात बोलायचा, म्हणजे आवाजाची थरथर तिला हाडांतून कळायची. आवाज म्हणजे थरथर, हे त्याला आईच्या कपाळाने शिकवलं. फोन आधी कुणाला सुचला यावर पुढे बरीच भांडणं झाली. एलिशा ग्रे, अँटोनियो मेउच्ची अशी आणखीही नावं घेतली जातात. पण ते कपाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

शेवटचा झटका. 10 मार्च 1876, अमेरिकेतलं बॉस्टन, माळ्यावरच्या दोन खोल्या. एकीत बेल, दुसरीत त्याचा मदतनीस थॉमस वॉटसन. मध्ये दार आणि तार. हातातल्या काडेपेटीत बोलून बघ म्हणजे तिथे काय घडतंय ते कळेल. आवाजाने पेटीचा पुठ्ठा थरथरतो, दोरा ताणलेला असेल तर ती थरथर पलीकडे जाते आणि तिकडची पेटी तशीच थरथरते. दोरा सैल सोडलास तर सगळं गप्प. बेलच्या यंत्रात पुठ्ठ्याच्या जागी पातळ पडदा आहे आणि दोऱ्याच्या जागी तारेतली वीज. पडदा जसा थरथरेल तशी वीज कमी-जास्त होते, आणि पलीकडच्या यंत्रात त्याच विजेची पुन्हा थरथर होऊन आवाज निघतो. बेल तोंड जवळ नेऊन वॉटसनला हाक मारतो, इकडे ये म्हणतो. दार उघडतं. वॉटसन धावत येतो. फोनवरचं ते पहिलं वाक्य, आणि ते होतं बोलावणं.

खिशात काहीतरी थरथरतंय.

काडेपेटी नाही, दुसरा खिसा. तू पुन्हा वेस्टर्न रोडवर आहेस, राउंडअबाउटवरून एक लाल बस वळते आहे. पडद्यावर आजीचा चेहरा, अर्धा. कॅमेरा तिने नेहमीसारखा कपाळावरच धरलाय. दुकानदाराकडच्या त्या काळ्या फोनवर ती हे कधीच विचारायची नाही, कारण पलीकडचा माणूस कुठे बसलाय ते नंबरावरूनच कळायचं. आता मात्र रोज हेच पहिलं :

''कुठे आहेस गं?''

''रस्त्यावर आहे आजी, वेस्टर्न रोडवर. थांब, तुला दाखवते.''