बृहदांत्रदर्शन : इतिहास व भीतिनिवारण

गुदद्वारातून लवचिक व प्रकाशयुक्त नळी आत सरकवून बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) अस्तराची प्रत्यक्ष पाहणी करण्याच्या पद्धतीस ‘बृहदांत्रदर्शन’ म्हणतात. मलातून रक्त पडणे, मलोत्सर्गाची नेहमीची सवय बदलणे, वजन घटणे, रक्तक्षय होणे यांसारखी लक्षणे आढळल्यास या पद्धतीचा अवलंब करतात. ही लक्षणे पुष्कळदा मूळव्याध, आंत्रदाह इ. कर्करोगेतर विकारांमुळे उद्‌भवतात. तथापि कारण कोणते हे केवळ लक्षणांवरून ठरविता येत नाही. असे असूनही अनेक रुग्ण ‘मूळव्याधच असेल’ अशी स्वतःची समजूत घालून तपासणी लांबणीवर टाकतात. या भीतीला केवळ मनाचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. एके काळी तिला सबळ कारणे होती. ती एकेक करून कशी दूर होत गेली, हे या तपासणीच्या इतिहासावरून दिसून येते.

शरीराच्या पोकळ्यांत प्रकाश सोडून पाहण्याचे पहिले महत्त्वाचे उपकरण फिलिप बोत्सिनी (१७७३–१८०९) या जर्मन वैद्याने १८०६ च्या सुमारास तयार केले. त्यात मेणबत्तीचा प्रकाश आरशाने परावर्तित करीत. १८५३ मध्ये फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञ देझॉर्मो यांनी अल्कोहॉल व टर्पेंटाइन यांवर जळणारा दिवा वापरला. परंतु उपकरण तापून रुग्णास भाजण्याचा धोका असे. १८९५ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे हॉवर्ड केली (१८५८–१९४३) यांनी गुदांत्र व त्यापुढील भाग पाहण्यासाठी धातूच्या ताठ नळ्या प्रचारात आणल्या. रुग्णास गुडघे व छाती टेकवून ओणवे राहावे लागे. ही स्थिती संकोच वाटावयास लावणारी व अवघडलेली होती. शिवाय सुमारे दीड मीटर लांबीच्या बृहदांत्राचा अगदी थोडा भागच अशा नळीने दिसे. उरलेल्या भागासाठी विसाव्या शतकात बेरियमची बस्ती देऊन क्ष-किरण चित्रे घेऊ लागले. मात्र चित्रात दिसणारी संशयास्पद वाढ काढावयाची, तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसे. तपासणीस होकार देणे म्हणजे शस्त्रक्रियेस होकार देणे, असे रुग्णास वाटे ते यामुळेच.

या स्थितीत मूलगामी बदल घडविला तो प्रकाशीय तंतूंनी. काचेच्या सूक्ष्म तंतूंच्या जुडग्यातून वाकड्या मार्गानेही प्रतिमा वाहून नेता येते, हे हॅरल्ड हॉपकिन्स (१९१८–९४) व मूळचे पंजाबातील नरिंदरसिंग कपानी (१९२६–२०२०) यांनी लंडन येथे केलेल्या संशोधनातून १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. या तत्त्वावर बेसिल हिर्शोविट्स यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत जठरदर्शक तयार केला व तो प्रथम स्वतःच्याच घशातून खाली उतरविला. पुढे बृहदांत्रासाठी लवचिक नळ्या निघाल्या. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी अशा नळीतून तारेचा फास आत नेऊन पॉलिप (अस्तरावर वाढणारी गाठ) पोट न उघडता काढला. काही पॉलिपांचे कालांतराने कर्करोगात रूपांतर होते. त्यामुळे तपासणी हीच काही अंशी प्रतिबंधक चिकित्साही ठरली.

लक्षणे नसलेल्यांसाठी याहून सोपी चाळणीही उपलब्ध झाली. मलातील डोळ्यांना न दिसणारे रक्त ओळखण्याची ही परीक्षा असून तिच्यासाठी नमुना घरीच घेता येतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६,५५१ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात, दरवर्षी ही परीक्षा करणाऱ्या गटात बृहदांत्र-गुदांत्राच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ वर्षांत ३३% कमी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र रक्त पडण्यासारखी लक्षणे असलेल्याने केवळ या चाळणीवर विसंबून राहू नये.

यंत्र सुधारले तरी लाज उरतेच. ती कमी करण्यास सार्वजनिक उदाहरणांचा उपयोग झाला. जुलै १९८५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांच्या बृहदांत्रात दर्शकाने मोठी वाढ आढळली. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली व ती वाढ कर्करोगाची असल्याचे जाहीर करण्यात आले. त्यानंतर त्यांनी १९८९ पर्यंतचा आपला कार्यकाल पूर्ण केला. पतीचे या रोगाने निधन झाल्यानंतर दूरचित्रवाणीवरील पत्रकार केटी कूरिक यांनी २००० मध्ये स्वतःची तपासणी प्रेक्षकांना दाखविली. पुढील काळात अमेरिकेत अशा तपासण्यांची संख्या वाढल्याचे आढळले.

तरीही भीती पूर्णपणे गेलेली नाही. पोलंड, नॉर्वे व स्वीडन येथील एका मोठ्या चाचणीत बृहदांत्रदर्शनासाठी निमंत्रित केलेल्यांपैकी केवळ ४२% लोकांनी ते करून घेतल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. आज बहुतेकांना अधिक त्रासदायक वाटते ती आदल्या दिवशीची रेचकाने करावयाची कोठाशुद्धी. प्रत्यक्ष तपासणी बहुधा गुंगीचे औषध देऊन करतात व ती साधारणपणे अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. आतड्यास छिद्र पडणे, रक्तस्राव होणे हे धोके आहेत, पण ते विरळ. खरी भीती असते ती निदानाची. परंतु तपासणी रोग निर्माण करीत नाही. असलेला रोग ती वेळेवर दाखविते. आतड्यापुरत्याच मर्यादित असलेल्या कर्करोगात सुमारे ९०% रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरवर पसरल्यावर हे प्रमाण फारच घटते. म्हणून ज्या निदानाच्या भीतीने तपासणी टाळली जाते, ते निदान अधिक गंभीर होण्यास ती टाळणेच कारणीभूत ठरू शकते.