घाटाखालचा ‘फुस्स’ आवाज : दाबलेल्या हवेतलं पाणी

मागच्या भागात आपण रोहिणखेडच्या दोन लढायांबद्दल बोललो, १४३७ची आणि १५९०ची. पठारावर चढायची एक जुनी वाट याच गावावरून जाते, म्हणून फौजा इथं भिडल्या. १५९०मध्ये निजामशाहीचा जमालखान इथंच पडला. त्याच्या बाजूच्या खुदावंतखानानं १५८२मध्ये बांधलेली देखणी मशीद अजून गावात आहे. ती बघायला गेलो होतो, आणि आजचा विषय मिळाला तो मात्र पंक्चरच्या दुकानात!

श्रावणातला दिवस होता. गाडीत हवा भरायला थांबलो. मिस्त्रीनं कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी उघडली, तर तांबूस पाण्याची चिळकांडीच उडाली. मी विचारलं, टाकीत पाणी कोण भरतं? तो म्हणाला, “पाऊस टाकीत बी पडते भाऊ.”

गंमत म्हणून बोलला, पण हिशोब बरोबर आहे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंबली, की पाणी झालं १९० ग्रॅमच्या वर. पण दाबलेली हवा परत थंड झाली की एक घनमीटर जागेत जेमतेम ३० ग्रॅम वाफ राहू शकते. उरलेलं १६० ग्रॅम, म्हणजे वाटीभर पाणी, टाकीच्या बुडाशी बसतं. चावी उघडली की ते जातं. वाफ मात्र हवेबरोबर पुढं नळीत जाते, आणि जिथं गारवा मिळेल तिथं पुन्हा पाणी होते.

ही वाफ पकडायला मणी लागतात. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तेच सिलिका जेल. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वॉल्टर पॅट्रिक या रसायनतज्ज्ञानं १९१९मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूंवरच्या मुखवट्यांच्या कामातून ते पुढं आलं होतं. मणी पाणी पितो असं आपण म्हणतो, पण खरं तर पाणी त्याच्या आतल्या अतिसूक्ष्म भोकांच्या भिंतींना चिकटतं. त्या भिंती इतक्या, की सहा-सात ग्रॅम मण्यांत एकरभर पृष्ठभाग मावतो. आमच्याकडं एकरावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, आणि इथं एकर मुठीत!

अडचण एकच. मणी भरले की तापवून वाळवावे लागत. चार्ल्स स्कारस्ट्रॉम यानं त्याला तोड काढली. त्याचं पेटंट १९६०चं. मण्यांचे दोन उभे डबे घ्यायचे. एकात दाबाखाली हवा वाळत असताना दुसऱ्याचा दाब सोडून द्यायचा, आणि वाळलेल्या हवेतलीच थोडी त्यातून उलटी फिरवायची. दाब उतरला की मणी पाणी सोडतात. मग डब्यांची अदलाबदल. भट्टी नको, सरपण नको. माझ्या मते या कथेतला खरा नायक हाच.

कारण हीच युक्ती पुढं ऑक्सिजनला लागू पडली. पाण्याऐवजी हवेतला नायट्रोजन धरणारे झिओलाइटचे मणी घेतले, की पलीकडून सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन मिळतो. सप्टेंबर २०२०मध्ये, दुसऱ्या लाटेच्या कितीतरी आधी, नंदुरबारला जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी असा प्लांट बसवून घेतला. एप्रिल २०२१मध्ये बाकीचे सिलिंडरसाठी रात्री जागवत होते, तेव्हा नंदुरबारकडं असे तीन प्लांट होते. पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी जास्त प्यारं. ओली हवा आत गेली तर ते पाणीच धरून बसतात आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. म्हणून तिथंही पहिलं काम हवा वाळवणं.

तर परत दुकानात. राजूर घाट उतरून आलेला खताचा एक ट्रक उभा होता. उभा ट्रक मधूनच ‘फुस्स’ करतो, ऐकलंय ना? टाकी भरली की ब्रेकचा एअर ड्रायर मण्यांतलं पाणी उलट्या हवेनं असं बाहेर फेकतो. तीच स्कारस्ट्रॉमची रीत, एकाच डब्यात. या ट्रकच्या ब्रेकच्या टाकीतून मात्र पाणी निघालं. अशा पाण्यानं टाकी गंजते, व्हॉल्व्हचं ग्रीस धुऊन जातं, आणि ब्रेक वेळेवर लागेल याचा भरवसा राहत नाही. मिस्त्री म्हणाला, डबा बदलल्याशिवाय घाट चढू-उतरू नको. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. मिस्त्रीनं त्याला मालकाला फोन लावायला लावला, आणि स्वतःच बोलला. बराच वेळ बोलला.

संध्याकाळी मलकापूरहून नवा डबा आला. जुना कापून पाहिला, तर मणी कॉम्प्रेसरच्या तेलानं काळपट, चिकट झालेले. तेल बसलं की मणी पाणी धरत नाहीत, कितीही ‘फुस्स’ केलं तरी. त्यातले दोन मागून आणलेत. आत्ता माइकशेजारी आहेत, बोटांना अजून तेल लागतंय.