कृष्णकमळाचं घड्याळ

महाडला आमच्या जुन्या घराच्या ओटीवर, खिडकीच्या गजांना धरून कृष्णकमळाचा एक वेल चढलेला होता. कुंडी म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला. अब्बा तेव्हा कुवेतला नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा यायचे. मधल्या काळात घरात अम्मी, आम्ही भावंडं आणि हा वेल.

श्रावणात शेजारच्या काकू सकाळी ओटीपाशी यायच्या. "भाभी, दोन फुलं नेते हं, देवाला." अम्मी म्हणायची, "न्या ना वहिनी, विचारता कशाला?" फूल तोडता तोडता काकू आम्हां मुलांना ते वाचून दाखवायच्या. बाहेरच्या जांभळ्या झालरीतले तंतू म्हणजे शंभर कौरव. त्यांच्या आत पाच पांडव. त्यांच्यावर ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि मधोमध कृष्ण. मी एकदा कौरव मोजायला बसलो होतो. शंभर काही भरले नाहीत. काकू म्हणाल्या, "युद्धात पडले असतील रे!"

अम्मीचं फूल मात्र निराळं होतं. ती त्याला घड्याळाचं फूल म्हणायची. गोल तबकडी, कडेनं मिनिटांच्या रेघा, मध्ये काटे. फूल सकाळी उमलतं आणि एका दिवसात मिटतं. अब्बांचं पत्र यायला किती दिवस राहिले, हे ती या फुलांवर मोजत असावी. हे नाव तिनंच काढलेलं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पुढे मी कविता लिहू लागलो, मराठीत. एका कविसंमेलनात कृष्णकमळावरची कविता वाचली. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले. सभ्य माणूस होता, आवाजात राग नव्हता. म्हणाले, "कविता चांगली आहे. पण कृष्णकमळाशी तुमचा काय संबंध?" मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न पायात काट्यासारखा सलत राहिला. संबंध काय, हे मलाही नीट सांगता आलं नसतं. म्हणून मी या फुलाचा इतिहास शोधू लागलो.

पहिलीच गोष्ट हाती लागली ती अशी, की आपल्या ओटीवरचं हे फूल मुळात इथलं नाही. या कुळाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिका खंडातल्या. महाभारत रचणाऱ्यांनी हे फूल पाहिलेलं असणं शक्यच नाही. सोळाव्या शतकात स्पेनचे लोक तिकडे गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या माणसांना या वेलाची फळं खाताना पाहिलं. फळात डाळिंबासारखे दाणे दिसले, म्हणून त्यांनी त्याला ‘ग्रानादिया’, म्हणजे छोटं डाळिंब, असं नाव दिलं.

मग धर्मोपदेशकांनी फुलाकडे पाहिलं. रोममध्ये जाकोमो बोझिओ नावाचा एक लेखक येशूच्या क्रुसावर मोठा ग्रंथ लिहीत होता. मेक्सिकोहून आलेल्या एका धर्मगुरूनं त्याला या फुलाची चित्रं दाखवली. बोझिओचा आधी विश्वासच बसेना. असं फूल जगात असेल कसं? मग आणखी चित्रं आली, माहिती आली, आणि १६१० साली छापलेल्या ग्रंथात त्यानं या फुलाला जागा दिली. ख्रिस्ती वाचन पुढे असं रूढ झालं : तंतूंची झालर म्हणजे येशूचा काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन भाग म्हणजे तीन खिळे, वेलाचे ताणे म्हणजे चाबूक. बाहेरच्या दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य. शिष्य होते बारा, पण दगा देणारा यहूदा आणि ओळख नाकारणारा पीटर यांना वगळायचं. हिशेब जुळवायचा म्हटलं की माणूस कुठेही जुळवतो!

तिकडे लंडनमध्ये जॉन पार्किन्सन या वनस्पतींच्या जाणकारानं १६२९ साली आपल्या बागेवरच्या ग्रंथात या सगळ्याची टर उडवली. त्याच्या मते हा जेझुइटांचा बनाव होता. म्हणजे एका फुलावरून ख्रिस्ती लोकांतच भांडण. शेवटी १७५३ साली लिनिअसनं झाडांची शास्त्रीय नावं ठरवली, त्यात याला ‘पॅसिफ्लोरा’ म्हटलं. पॅशन म्हणजे इथे येशूच्या यातना. अरबीतही याला यातनांचं फूल, ‘जहरतुल आलाम’, असंच म्हणतात.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांसमोर काकू उभ्या राहिल्या. तेच पाच, तेच तीन, तीच झालर. रोमला त्यात जखमा आणि खिळे दिसले, महाडला पांडव आणि त्रिमूर्ती. फूल परकं होतं, पण आपल्या लोकांनी त्याला महाभारत शिकवून घरचं करून घेतलं.

आणि अम्मीचं घड्याळ? फारसीत या फुलाला ‘गुले साअती’ म्हणतात, म्हणजे घड्याळाचं फूल. जपानीत ‘तोकेइसो’, त्याचाही अर्थ तोच. तुर्की भाषेत याचं नाव ‘चार्किफेलेक’, म्हणजे चर्ख-ए-फलक, आभाळाचं फिरतं चाक, नशिबाचं चाक. अम्मी चौथी शिकलेली. फारसी नाही, जपानी तर नाहीच. तिला जे दिसलं तेच इराणमध्ये आणि जपानमध्ये दिसलं होतं. त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ती तोवर गेली होती. सांगायचं कुणाला?

तर मंडळी, संबंध कुणाचा कशाशी? दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा. देवळापाशी आणि दर्ग्यापाशी सारख्याच मायेनं फुलणारा पांढरा चाफा अमेरिकेचा. आपल्या ठेच्यातली मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांनी आणलेली. यातलं काही आता कुणी परत पाठवणार आहे का?

महाडला तर हा ‘कुणाचं काय’ हा प्रश्न फार मोठ्या आवाजात विचारला गेलाय. १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यावरून. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची होती, तेव्हा मंडपाला कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या महाडच्या एका मुसलमान गृहस्थांनी. आमच्या गावच्या मातीत हेही आहे.

आता थोडं वेलाविषयी. हा कुंडीत छान राहतो, पण त्याला निदान चार-पाच तास ऊन हवं आणि चढायला आधार हवा. पाणी भरपूर लागतं, पण तळाशी साचलं की मुळं कुजतात. खत फार घातलं तर नुसती पानं येतात, फुलं रुसतात. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की न भिता छाटावा. पानांवर काटेरी अळ्या दिसल्या तर लगेच औषध मारू नका, त्यांची केशरी फुलपाखरं होतात. आणि एकदा उमललेल्या फुलाजवळ दोन-तीन तास बसून पाहा. सुरुवातीला वर ताठ असलेले ते तिघे ब्रह्मा-विष्णू-महेश हळूहळू खाली वाकतात, येणाऱ्या भुंग्याच्या पाठीवरचे पराग घ्यायला. यातल्या बऱ्याच जातींना आपल्याच परागानं फळ धरत नाही, दुसऱ्या वेलाचे लागतात.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, माणसं गेली. अशा वेळी वेलाचं काय बोलायचं? आमच्या घरात छातीभर पाणी होतं. ते उतरल्यावर सगळीकडे चिखल. वेल गजांना तसाच धरून होता, पण मुळं कुजली होती. आठ दिवसांत वाळला. अम्मीच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

पावसाळा संपता संपता पोलादपूरला खालाकडे गेलो. तिच्या मागच्या दारी, न्हाणीजवळ, कृष्णकमळ फुललेलं. मी पाहतच राहिलो. खाला म्हणाली, "बघतोस काय? तुझ्या आईनंच दिलेली फांदी. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसात." वेल फांदीपासून लावला की तो नवा नसतो, तोच असतो. मी तीन डोळ्यांची एक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर धरून महाडला आणली.

आता तो पुन्हा खिडकीच्या गजांवर आहे. काकू थकल्यात, त्यांची सून येते. "काका, दोन फुलं नेऊ?" मी म्हणतो, "न्या की, विचारता कशाला?" सकाळी उमललेलं फूल पाहिलं की मला वेळ कळते. त्या गृहस्थांचा प्रश्न आता सलत नाही. ते पुन्हा भेटले, तर त्यांनाही एक फांदी देईन म्हणतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)